गड्ड्याच्या दिवसांतलं लॉगिन

होम मैदानावर गड्ड्याच्या, म्हणजे सिद्धेश्वराच्या जत्रेच्या, पाळण्यांचे लोखंडी खांब उतरायला लागले की सोलापुरात थंडी आली असं धरून चालायचं. थर्मामीटर काहीही सांगो. ट्रकमधून खांबांमागून रंग उडालेले लाकडी घोडे उतरतात, आरसे उतरतात, भज्यांच्या दुकानांचे पत्रे उतरतात. सकाळी कानाला गार वारा लागतो, दुपारी पुन्हा नेहमीचं ऊन. रस्त्याकडेच्या हातगाड्यांवर मंगळवेढ्याकडचा हुरडा आणि सोबत शेंगाचटणीच्या पुड्या दिसू लागतात. जत्रेच्या मिरवणुकीतले उंच नंदीध्वज पेलण्याचा सराव सुरू होतो आणि संध्याकाळी एखादा चौक त्यांच्यासाठी थांबून राहतो.

यंदाही खांब उतरले. त्याच दिवशी एका जाहिरातीतल्या नावाची दुरुस्ती द्यायला मी आमच्या वृत्तपत्राच्या जाहिरात विभागात गेलो. खोलीत एकच संगणक आहे. त्याच्यासमोर पद्माक्का हात मांडीवर ठेवून बसल्या होत्या. पडद्यावर स्वागताचा शब्द आणि गोल फिरणारं चक्र.

"चादर आली का?" मी विचारलं.

"वाटेत हाय," पद्माक्का म्हणाल्या. "बसा की. घाई कुणाला हाय आता?"

बाहेरच्या माणसाला हा संवाद कळणार नाही. तो काही वर्षांपूर्वीच्या एका हंगामातला आहे. तेव्हा या मजल्यावर बारा महिने माणसांचा आवाज असे.

तेव्हा इथे जिल्हा पुरवणीचं डेस्क होतं. तालुक्यांतून बातम्या यायच्या, आम्ही उपसंपादक त्या नीट करायचो आणि ऑपरेटर पानं लावायचे. पुरवणी आधी छापली जाते, त्यामुळे पानं दिवस मावळायच्या सुमारास छपाईला सोडावी लागत. पद्माक्का ऑपरेटरांत सगळ्यांत जुन्या. त्या शहराच्या पूर्व भागातल्या, विणकरांच्या घरातल्या. घरची भाषा तेलुगू. वयाने मोठे असलेलेही त्यांना अक्का म्हणत, आवृत्तीप्रमुख माने साहेबसुद्धा.

माणसं जास्त आणि संगणक कमी, असं आमचं गणित होतं. त्यावर पुण्याच्या मुख्य कार्यालयाने रोमिंग प्रोफाइल नावाचा उपाय काढला. विंचवाचं बिऱ्हाड पाठीवर म्हणतात, तसं. कुणीही कुठल्याही संगणकावर बसावं, आपलं नाव आणि पासवर्ड टाकावा. त्याच्या फायली, त्याची मांडणी, त्याच्या पडद्यामागचं चित्र, सगळं बिऱ्हाड सर्व्हरवरून त्या संगणकावर येणार. काम संपवून बाहेर पडलं की तेच बिऱ्हाड पुन्हा सर्व्हरवर परत. सर्व्हर माने साहेबांच्या केबिनमध्ये, एका जाळीच्या कपाटात होता.

पडद्यामागच्या चित्रावरून माणूस ओळखता येई. माने साहेबांच्या पडद्यावर सिद्धेश्वराचं तळं. फोटोग्राफर रफिकच्या पडद्यावर काहीच नाही, नुसता काळा रंग. दिवसभर चित्रंच बघतो, आणखी कशाला, असं त्याचं म्हणणं. अक्कांच्या पडद्यावर एक सोलापुरी चादर होती. त्यांच्या घरच्या मागावर निघालेली, मोराच्या नक्षीची. तिचा फोटो रफिकनेच काढून दिला होता.

त्या वर्षी गड्ड्याची चाहूल लागली आणि लॉगिन मंदावलं. आधी थोडं, मग फार. आल्या आल्या नाव-पासवर्ड टाकायचा आणि जिना उतरून चहाच्या गाडीवर जायचं, हा क्रम ठरून गेला. चहा संपवून वर यावं तर चक्र फिरतंच आहे. पुन्हा खाली. सगळं डेस्क रस्त्यावर उभं असायचं आणि वर रिकाम्या खुर्च्यांसमोर पडदे स्वागत करत बसायचे. सगळ्यांत जास्त वेळ अक्कांना लागायचा. चहावाल्यालाही ते ठाऊक झालं होतं.

"अक्का, अजून एक हाफ देऊ का? तुमचं काय आत्ता होत नाही."

"दे. आणि वर जाऊन त्या मशीनलाबी एक दे. झोपलंय ते."

काही दिवशी त्याहून वाईट व्हायचं. चक्र थांबायचं, पडदा उघडायचा आणि त्यावर चादर नसायची. कोरा निळा पडदा. अक्कांच्या फायली नाहीत, लावून ठेवलेल्या पानांच्या चौकटी नाहीत. भाड्याच्या खोलीत आल्यासारखं. मग बंद करा, पुन्हा सुरू करा, पुन्हा चहा. त्यामुळे डेस्कवर एक प्रश्न रूढ झाला. कुणी आत आलं की आधी विचारायचं, चादर आली का. आली असेल तर दिवस बरा जाणार. नसेल तर पानं उशिरा सुटणार.

वृत्तपत्राच्या कार्यालयात कारणांचा तुटवडा नसतो. एक म्हणाला, उंदरांनी वायर कुरतडली. दुसरा म्हणाला, पुण्याचे लोक तिकडून काहीतरी बघत बसतात. तिसऱ्याने खंडेनवमीकडे बोट दाखवलं: सर्व्हरच्या पूजेला हळद-कुंकू जरा जास्त उधळलं गेलं होतं, ते पंख्यात गेलं. थंडीने आखडलं असेल, असंही एकाने गंभीरपणे सांगितलं. बातमी असती तर यांतलं एकही कारण मी छापायला सोडलं नसतं. पण खोलीत ती सगळी चालत होती.

माने साहेबांनी एका दुपारी सगळ्यांना केबिनमध्ये बोलावलं. त्यांचा आवाज कधी चढत नसे.

"पुण्याचा निरोप आहे. गड्ड्याची पुरवणी उशिरा गेली, तर संक्रांतीनंतर पानं पुण्यात लागतील. ज्यांना तिकडं जायचंय त्यांना घेतील. बाकीच्यांचं मला माहीत नाही."

बाहेर आल्यावर रफिक म्हणाला, "अक्का, तुम पुने को जाते क्या?"

"मी कुठं जाऊ ओ?" अक्का म्हणाल्या. "मामांना कोण बघणार?"

मामा म्हणजे त्यांचे सासरे. त्यांची दृष्टी गेली होती. नवरा भिवंडीला मागावर. मामांना दवाखान्यात नेणारी, डॉक्टरांचं मराठी तेलुगूत आणि मामांचं तेलुगू मराठीत करून सांगणारी घरात एकच व्यक्ती होती. अक्कांनी हे त्या दिवशी सांगितलं नाही. सगळ्यांना माहीत होतं. त्यांनी फक्त जागेवर बसून पासवर्ड टाकला आणि त्या दिवशी चहाला उतरल्या नाहीत. चक्राकडे बघत बसून राहिल्या. बघितल्याने ते लवकर थांबत नाही, हे त्यांनाही माहीत होतं.

मग श्रीशैल आला. संगणक दुरुस्तीचं कंत्राट ज्यांच्याकडे होतं, त्यांचा माणूस. अक्कलकोटकडचा; मराठी बोलता बोलता अडला की कानडीत पुटपुटायचा. पहिले काही दिवस त्याने जे केलं त्याचा उपयोग झाला नाही. वायरी बदलल्या. भिंतीवरची जोडणीची पेटी बदलली. व्हायरसची तपासणी लावली, तिने लॉगिन आणखी मंद केलं. सर्व्हरचा पंखा साफ केला. त्यातून कुंकू निघालं तेव्हा एका उपसंपादकाने विजयी चेहऱ्याने सगळीकडे पाहिलं. लॉगिन होतं तसंच राहिलं.

"गड्डा जवळ आलाय, श्रीशैल," माने साहेब म्हणाले.

"बघायलोय की साहेब. धरा थोडं."

नंतर त्याने एक साधी गोष्ट केली. अक्कांना रफिकच्या जागेवर बसवलं आणि रफिकला अक्कांच्या. दोघांनी आपापली नावं टाकली. अक्कांच्या संगणकावर रफिक क्षणात आत गेला. रफिकच्या संगणकावर अक्का चक्राकडे बघत बसल्या.

"मशीनला काय झालं नाही," श्रीशैल म्हणाला. "माणसाला झालंय."

"अरे वा," अक्का म्हणाल्या. "आता माझी तपासणी करा."

त्याने सर्व्हरवर अक्कांचं बिऱ्हाड उघडून पाहिलं. सगळं सामान डेस्कटॉपवर होतं. गड्ड्याचे फोटो होते, मागच्या गड्ड्याचे होते, त्याच्या मागच्याही. नंदीध्वज, बाराबंदी घातलेली माणसं, अक्षता सोहळा, पाळणे, पुन्हा नंदीध्वज. रफिक कॅमेऱ्यातलं कार्ड जसंच्या तसं त्यांच्या पडद्यावर ओतायचा आणि जाता जाता सांगायचा, "अक्का, डेस्कटॉप पे डाल दिया मैं, देख लेव." कधीकाळी सामाईक फोल्डरमधून लावलेली पानं कुणाच्या तरी हाताने पुसली गेली होती. तेव्हापासून डेस्कची रीत पडली: महत्त्वाचं असेल ते डोळ्यासमोर ठेवा. डोळ्यासमोर म्हणजे डेस्कटॉपवर. रीत सगळ्यांनी पाळली, अक्कांनी सगळ्यांहून नीट पाळली. रोज सकाळी कित्येक गड्डे सर्व्हरवरून निघून त्यांच्या संगणकावर यायचे आणि संध्याकाळी परत जायचे.

श्रीशैलने जुने फोटो वेगळ्या जागी हलवले आणि सगळ्यांचे डेस्कटॉप असे जोडले, की फायली सर्व्हरवरच राहतील आणि पडद्यावर फक्त दिसतील. दुसऱ्या दिवशी डेस्क चहाला उतरलंच नाही. उतरायला वेळच मिळाला नाही. चहावाला वर येऊन विचारून गेला, सुट्टी आहे का.

फक्त अक्कांची चादर आली नाही. चक्र, मग कोरा निळा पडदा; फायलींची नवी जोडणीही त्यात नव्हती.

श्रीशैल खाली मान घालून बसला. पुरवणीची जाहिरात झाली होती, पानांचा आराखडा ठरला होता, आणि मधली मोठी पानं अक्कांकडेच होती. त्यांनी चौकट उघडली आणि जे हरवलं होतं ते पहिल्यापासून लावायला घेतलं. पानं उशिरा सुटली. पुण्याहून फोन आला. माने साहेबांनी तो केबिनचं दार लावून घेतला.

त्या संध्याकाळी श्रीशैल घरी गेला नाही. खोलीच्या कोपऱ्यात स्टुलावर बसून नुसता बघत राहिला. एकेक जण काम आटोपून निघाला. शेवटी नेहमीप्रमाणे अक्का उरल्या. मीही होतो, एक पान वाचायचं राहिलं होतं. अक्कांनी पान सोडलं, संगणक बंद करायची आज्ञा दिली, पर्स उचलली, दारापाशी गेल्या आणि भिंतीवरचा मेनचा खटका पाडला. खोली अंधारली. एक पडदा, काहीतरी जतन करत असल्याचं सांगणारा, त्याच क्षणी विझला.

"अक्का," श्रीशैल अंधारातून म्हणाला, "आत्ता काय केलात?"

"काय केलं? मेन पाडलं."

"रोज पाडता?"

"मग? चालू ठेवून जायचं होय?"

त्याने खटका वर केला. दिवे आले. तो जरा वेळ डोकं खाजवत राहिला.

"ओ अक्का, तुमचं सामान अजून वाटेत असतंय की. मशीन सगळं गोळा करून सर्व्हरकडं पाठवायलंय, आणि तुमी मधीच लाईट घालवता. निम्मं हितं, निम्मं तितं. सकाळी त्याला काय घ्यावं, काय टाकावं कळत नाही. मग त्यो कोरा पडदा देतोय."

संगणकांखालच्या बॅटऱ्या कधीच मेल्या होत्या आणि सर्व्हरची वीज वेगळी होती. त्यामुळे सर्व्हर जागा राहायचा आणि त्याच्याकडे निघालेलं बिऱ्हाड वाटेत सांडायचं. बाकीच्यांचं वाचायचं, कारण ते आधी निघत. शेवटी निघणाऱ्या एकट्या अक्काच; त्या दारापर्यंत पोचेतो सामान पोचलं तर सकाळी चादर, नाही तर कोरा पडदा.

अक्का दारातच उभ्या होत्या. पर्स खांद्यावर.

"आमच्यात मेन पाडल्याशिवाय उंबऱ्याबाहेर पाय टाकत न्हाईत," त्या म्हणाल्या. "लाईट गेली, आपण बाहेर गेलो, आणि मागनं लाईट आली तर? माग आपलाआप चालू होतंय. धागा जातंय. कुणाचा हात असला तर हात जातंय. मामांना दिसत नाही, तरी भिंत चाचपत जाऊन बघतात, पाडलंय का. लग्न होऊन आले तेव्हा स्वयंपाकाच्या आधी हे शिकवलं मला."

"खरंय की," श्रीशैल म्हणाला. "पण हे माग न्हवं."

अक्कांनी आपल्या जागेकडे पाहिलं. मग म्हणाल्या, "म्हणजे चादर मीच घालवत होते."

श्रीशैलने आपली पिशवी आवरली. दुसऱ्या दिवशी माने साहेबांनी त्याला सगळ्यांसमोर विचारलं, काय बिघडलं होतं. "सेटिंग होतं साहेब," तो म्हणाला. "केलंय आता." बातमीत कारण द्यावं लागतं. हे कारण त्या खोलीबाहेर गेलं नाही, आणि छापण्यासारखं होतं असंही कुणाला वाटलं नाही.

त्यानंतर रोज संध्याकाळी अक्का काम संपवून, पर्स मांडीवर घेऊन, पडदा पूर्ण काळा होईपर्यंत बसून राहू लागल्या. मग उठायच्या, खटका पाडायच्या. रोज सकाळी चादर येऊ लागली. मोर, किनार, सगळं जागच्या जागी. गड्ड्याची पुरवणी वेळेआधी गेली. शोभेच्या दारूकामाच्या दिवशी रफिकने आणलेल्या फोटोंसाठी कुणाला थांबावं लागलं नाही. माने साहेबांनी सगळ्यांना गड्ड्यावरची भजी खायला घातली. तेलकट कागदाला हात पुसत एक उपसंपादक म्हणाला, वाचलो.

त्या हंगामाची आठवण माझ्या डोक्यात वासांची आहे. भज्यांचं तेल, जळलेल्या फटाक्यांचा धूर, तापलेल्या संगणकाच्या पंख्यातून येणारा धुळीचा वास. आणि थांबण्याची. थांबण्याला त्या दिवसांत आकार होता, गोल आणि फिरता. माणसं एकमेकांशी सर्वांत जास्त बोलली ती त्या चक्राच्या काळात, चहाच्या गाडीपाशी. लॉगिन सुधारल्यावर गप्पा कमी झाल्या. मी हे तक्रार म्हणून लिहीत नाही, झालं तसं नोंदवतो आहे.

होळीच्या सुमारास पुण्याहून दोन माणसं आली. त्यांनी सर्व्हर पाहिला. सगळ्यांच्या फायली एका ठिकाणी, नीट लावलेल्या, कुठूनही उघडता येण्यासारख्या. ते समाधानी झाले. सोलापूरचं पान पुण्याच्या संगणकावर उघडून, एक ओळ बदलून, पुन्हा मिटून त्यांनी माने साहेबांना दाखवलं. आधी ते शक्य नव्हतं. आधी पान अक्कांच्या डेस्कटॉपवर असायचं, आणि अक्का सोलापुरात.

उन्हाळ्यात पानं पुण्याला गेली. उशिराचा त्याच्याशी संबंध नाही, असं माने साहेबांनी सांगितलं, आणि ते खरं असावं. बिऱ्हाड इतकं सुटसुटीत झालं होतं, की ते कुठेही नेता येत होतं. मग तिथेच का नको, जिथे जागा जास्त आणि माणसं कमी लागतात? दोन ऑपरेटर पुण्याला गेले. एकाने फ्लेक्सचं दुकान टाकलं. मला डेस्कवरून वार्तांकनाला हलवलं. श्रीशैल वायरी गुंडाळायला आला तेव्हा त्याने जोडणीची पेटी भिंतीवरून काढली. त्या जागी भिंतीचा जुना रंग दिसत होता. हातातल्या पेटीकडे बघून तो म्हणाला, "लईच चांगलं केलं की मी."

कुणी हसलं नाही. अक्का हसल्या. "तुझं काय चुकलं रे? चादर तर आणलास," म्हणाल्या.

सगळं मात्र पुण्याला जाऊ शकलं नाही. सोलापुरातला दुकानदार जाहिरात फोनवर देत नाही. तो येतो, ऑपरेटरच्या खांद्यामागे उभा राहतो, नाव मोठं करा म्हणतो, फोटो लहान करा म्हणतो, मग भावाला फोन लावतो, भाऊ येतो आणि पुन्हा पहिल्यापासून सुरू करतो. हे काम इथेच व्हावं लागतं. म्हणून जाहिरात विभागात एक खुर्ची ठेवली गेली, आणि ती पद्माक्कांना मिळाली. त्या पुण्याला गेल्या नाहीत. मामांना दवाखान्यात नेणारं माणूस सोलापुरातच राहिलं.

फक्त सर्व्हर आता पुण्यात आहे. अक्कांचं बिऱ्हाड रोज तिथून निघतं, भीमा ओलांडून येतं आणि संध्याकाळी परत जातं. लाइन बारीक आहे. लॉगिन पुन्हा तसंच मंद झालं आहे. कुणी तक्रार केलेली नाही, कारण थांबणारं माणूस एकच आहे.

यंदा खांब उतरले त्या दिवशी मी दुरुस्ती दिली, बातम्यांसाठी गेलो आणि संध्याकाळी जाहिरात बघायला पुन्हा त्या खोलीत आलो. नाव बरोबर होतं. शेवटचा दुकानदार भावासह निघून गेला. बाहेर नंदीध्वजाच्या सरावाचे आवाज येत होते. अक्कांनी संगणक बंद करायची आज्ञा दिली. मोर गेला, किनार गेली, आणि पडद्यावर काहीतरी जतन होत असल्याची ओळ उरली. त्या खुर्चीतून उठल्या आणि दारापाशी जाऊन उभ्या राहिल्या. एक हात भिंतीवर, खटक्याच्या शेजारी.

मी जायला निघालो, कारण मला वाटलं काम संपलं.

"थांबा की," अक्का म्हणाल्या. नजर पडद्यावर होती. "पोचू दे."

आम्ही दोघं दारात उभे राहिलो. ओळ बराच वेळ तशीच होती. मग ती गेली, पडदा काळा झाला, आणि पद्माक्कांनी खटका पाडला.